दलदलीतला कडुलिंब

झाशीच्या घरी, ती. आईस इथूनच वाकून नमस्कार.

आम्ही मजेत आहोत, काळजी करू नकोस. छकुलीला घामोळं आलं होतं. तू लिहिलंस कडुलिंबाच्या पाण्याने न्हाऊ घाला, पण अमेरिकेत कडुलिंब कुठला? आणि बघ, घरामागच्या दलदलीत मला झाडच सापडलं! हुबेहूब तशीच पानं. फक्त देठ लाल, पानांच्या कडा आपल्या कडुलिंबासारख्या करवती नाहीत, आणि निंबोळ्या पांढुरक्या. इकडची जात असेल, दुसरं काय?

शेजारची म्हातारी कुंपणावरून ओरडली, "तो विषारी सुमाक आहे, हात लावू नका!" या लोकांना कडुलिंब काय कळणार!

परवापासून रोज त्याच पाण्याने न्हाऊ घालतोय. छकुलीच्या अंगावर फोड आलेत, डोळे सुजलेत. तूच म्हणायचीस ना, उष्णता बाहेर पडताना अंग आधी खवळतं? माझ्याही मनगटांवर फोड आहेत, पण ते किरकोळ.

तुझे गुडघे कसे आहेत? अंगणात निंबोळ्यांचा सडा पडला असेल. वैद्यजींना आमचा नमस्कार सांग.

छकुली रडायची थांबलीय, आता नुसती पडून असते. गुण येतोय असं दिसतं. तुझ्या सुनेने, अनुसूयाने, पुन्हा पाणी उकळायला ठेवलंय.

तुझा,
विद्याधर