सईच्या गाडीचा स्टॅबिलायझर

जुळे सोलापूर
गुरुवार, दुपार

प्रिय सई,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. हातात फोन असताना आप्पा पाकीट आणायला पोस्टात का गेले, असं तुला वाटेल. पण फोनवर तू 'बोला आप्पा' म्हणालीस की मी ऊन किती आहे आणि नळाला पाणी कितव्या दिवशी आलं एवढंच सांगून ठेवून देतो. या वेळी तसं करायचं नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय.

गेल्या आठवड्यात तू म्हणालीस, गाडी विकून टाका, मला गाडी चालवता येत नाही हे एकदाचं कळलं ते बरंच झालं. अगदी शांतपणे म्हणालीस. रडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. मी मुकाट्याने गिऱ्हाईक शोधलं. बार्शीचे शहाजी म्हणून आहेत, त्यांना अशा बदल केलेल्या गाड्यांची आवड आहे, पुढच्या रविवारी सकाळी येतो म्हणाले. तू फक्त विक्रीच्या कागदावर सही करून पाठवायची आहेस.

आता दोन वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी तशीच कशी द्यायची? पत्रा आणि दार अपघातानंतर लगेच सरळ करून घेतलं होतं, पण बाकी सगळं तसंच पडलं होतं. चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाच्या दारातून गाडी खडखडत बाहेर पडली तर गल्ली हसेल. सोमवारी सकाळी ताडपत्री काढली. तुझे ते रुंद टायर, ठेंगण्या स्प्रिंगा, मागची सीट काढून मोकळी केलेली जागा, सगळं जसंच्या तसं. ती सीट आईने हॉलमध्ये सोफा म्हणून टाकलीय ना, त्यावर अजून पाहुणे बसवते. परवा तुझी मावशी त्यावर बसून पट्टा कुठाय म्हणून विचारत होती.

आणि मग मी गाडीला नवा स्टॅबिलायझर बसवला. तू अँटी-रोल बार म्हणतेस तोच, दोन्हीकडच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा, वळणावर गाडीला एका अंगाला कलू न देणारा. तू निवडला होतास तोच, मूळच्यापेक्षा चांगला जाड. तो कुठून आला हे विचारायला लगेच फोन उचलू नकोस. पुढे वाच.

मदतीला ईरप्पा आला होता. आमच्या डेपोतला, अक्कलकोटचा. गुडघे गेलेत पण जीभ शाबूत आहे. आम्ही दोघांनी मिळून जो गोंधळ घातला तो ऐकून तू पोट धरून हसशील. डेपोत बस खड्ड्यावर उभी असते, स्वतःच्या चाकांवर, सगळं वजन घेऊन. आपण खाली उतरायचं आणि नट आवळायचे, चौतीस वर्षं हेच केलं. घरी खड्डा कुठला? एक बाजू जॅकवर उचलली, खाली स्टँड लावला आणि सवयीने दोन्हीकडचे नट करकचून आवळून टाकले. एक चाक हवेत लोंबकळतंय, दुसरं जमिनीवर टेकलंय, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. गाडी खाली उतरवली तर एक खांदा वर! दांडा आत पिळलेलाच राहिला होता. ईरप्पा म्हणाला, महिपती, आपुन दोगं रिटायर झालो ते एसटीचं नशीब म्हन की. मग सगळं पुन्हा सैल केलं, चारही चाकांखाली फळ्यांच्या थप्प्या रचून गाडी सपाट उभी केली आणि मी पोट आत ओढून खाली सरकलो.

तू म्हणायचीस, शेवटचं आवळताना चालवणाऱ्याचं वजनही सीटवर पाहिजे. म्हणून मंगळवेढ्याहून आलेलं ज्वारीचं पोतं तुझ्या जागेवर बसवलं आणि पट्टा लावला. आई बाहेर येऊन म्हणाली, माजी पोरगी एवडी जाड न्हाय. मग थोडी ज्वारी काढली. मग ती म्हणाली, एवडी वाळलेली बी नसंल. तुझं वजन आता किती हे आम्हा दोघांनाही सांगता येईना, तेव्हा ती आत निघून गेली. दांडा ज्यांत बसतो त्या रबरी बुशांसाठी दांड्याच्या खोक्यात खास ग्रीसची पुडी होती, ती मी खिडकीत ठेवली होती. आईला वाटलं दुकानदाराने क्रीमचा नमुना दिलाय. तिने टाचांच्या भेगांना चोळून टाकली आणि गुण आला म्हणते. मला दुसरी पुडी आणायला भर उन्हात सात रस्त्याला जावं लागलं.

एवढं सगळं हसत हसत लिहितोय खरं, पण सांगायचं ते राहिलंच आहे. आईने विचारलं होतं, हे खोकं कुठलं? मी म्हटलं, सईचं आहे. ते खोटं नव्हतं. ईरप्पा मात्र खोकं घडी घालायला बसला आणि त्याने चष्मा लावून वरची कुरिअरची चिठ्ठी वाचली. म्हणाला, अरे, ही तारीक दोन वर्सामागची हाय. आन सही तुजी हाय की. मी पाना पुसत राहिलो. त्याने चहा घेतला, आणि जाताना एवढंच म्हणाला, लेकीला सांग बाबा, लई उशीर झालाय.

सई, तुझ्या त्या माळावरच्या गाड्यांच्या स्पर्धेच्या चार दिवस आधी हे खोकं आलं होतं. तू कॉलेजला होतीस. मी सही करून घेतलं, माळ्यावर चढलो आणि जुन्या गाद्यांमागे ठेवून दिलं. तू रोज कुरिअरवाल्यांना फोन करत होतीस, चिडत होतीस, आणि मी समोर बसून पेपर वाचत होतो. मी भीत होतो ग. ब्रेकडाऊन व्हॅनवर असताना रस्त्यावरच्या अपघातांतून मी काय काय उचललंय ते घरात कधी बोललो नाही. मला वाटलं, दांडा आला नाही की तू माघार घेशील. माझ्याच लेकीला मी ओळखलं नव्हतं. तू जुन्याच बारीक दांड्यावर गेलीस, रुंद टायरांनी वळण घट्ट धरलं, गाडी कलली आणि उलटली. हातात प्लेट बसवल्यावर शुद्धीवर आलीस तेव्हा पहिलं वाक्य म्हणालीस, आप्पा, चूक माझीच झाली, वळण कळलंच नाही मला. मी तुझ्या कपाळावरून हात फिरवला. तेव्हा बोलायला हवं होतं. मी नुसता हात फिरवत राहिलो, आणि नंतर दोन वर्षं रोज थोडं थोडं अवघड होत गेलं.

काल सकाळी मी गाडी घेऊन विजापूर रस्त्याने बाहेर पडलो. पुढे मोकळं मोठं वळण आहे तिथे, भीतभीत, पण जरा वेगातच वळवली. गाडी कलली नाही. रस्त्याला धरून सपाट निघाली. मी कडेला उभी केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो, माझ्या वयाला शोभणार नाही इतका. नवा दांडा असता तर त्या दिवशी काय झालं असतं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. पण तू हिशेब बरोबर केला होतास. गाडीला नेमकं काय कमी आहे हे तू ओळखलं होतंस, आणि ते तुझ्या घरात, तुझ्या डोक्यावरच्या माळ्यावर होतं. हे तुला कळल्याशिवाय तू त्या कागदावर सही करू नयेस, एवढ्यासाठी हे पत्र. यापुढे तुझ्यापासून काही लपवणार नाही. शहाजींचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय, त्यांना तूच सांग. विकायची म्हणालीस तर मी स्वतः किल्ली त्यांच्या हातात देईन. माझ्यावर रागव, बोलू नकोस, दिवाळीला आली नाहीस तर आईला मी खरं काय ते सांगेन. पण मला चालवता येत नाही, असं म्हणून गाडी विकू नकोस. तुला येतं. दोन वर्षं मला ते ठाऊक होतं.

तुझाच, तुझी माफी मागायचंही धाडस न होणारा,
आप्पा