महानंदाचा जबाब

११ मार्च १९८५, लातूर
नांदेडच्या कोर्टाचं समन्स आलं. माझ्या धाकट्या बहिणीला, महानंदाला, जाऊन चौदा महिने झाले, आता खटला उभा राहतोय. आरोपी शिवराज, तिचा नवरा. फिर्याद माझी, म्हणून मीही साक्षीदार.
साहेबांकडं रजा मागितली. "टंचाईच्या याद्या कोण टाईप करणार?" नवा जिल्हा, माणसं कमी, टँकर मागणारी गावं रोज वाढतात. शेवटी दोन दिवस दिले.
मला एकच पाहिजे. देगलूरहून, सासरहून, तिला भाजलेली नांदेडच्या दवाखान्यात आणली, तेव्हा नायब तहसीलदारांनी जबाब घेतला होता. मी पोचले तोवर चेहऱ्यावर चादर. शेवटचं काय बोलली, ते त्या कागदावर आहे.

२६ मार्च, नांदेड
सरकारी वकिलांना भेटले. जबाब वाचायला मिळेल का विचारलं.
"तो जरा अडचणीचा आहे आपल्याला."
"म्हणजे? काय म्हणाली ती?"
"साक्षीदाराला दाखवत नसतात, बाई."
मग कोर्टाच्या कारकुनाकडं. माणूस चांगला, खुर्ची दिली. म्हणाला, "नक्कल आरोपीला मिळते. कायदाच हाय तसा. फिर्यादीला न्हाई."
म्हणजे तिचे शेवटचे शब्द शिवराजच्या घरी आहेत. कपाटात, कपड्यांखाली वगैरे. माझ्याकडं नाहीत.

२७ मार्च
आज आधी नायब तहसीलदारांची साक्ष. बाकीच्या साक्षीदारांनी बाहेर थांबायचं. व्हरांड्यात बाकावर बसले. आतला आवाज येत होता, शब्द नाही. शिवराजचा वकील काहीतरी सावकाश वाचू लागला, तेव्हा उठून दाराजवळ गेले. शिपाई म्हणाला, "बाई, जागेवर बसा."
शिवराजची आई आत बसलेली. ती साक्षीदार नाही, तिला ऐकायला बंदी नाही.
दुपारी मला बोलावलं. महानंदाची पत्रं, ती माहेरी कधी आली, परत कशी गेली. जबाबाचं कोणी विचारलं नाही. विचारून तरी मी काय सांगणार होते.

१९ एप्रिल, लातूर
सरकारी वकिलांचं पोस्टकार्ड आलं. निर्दोष सुटला. 'मयताच्या जबाबामुळे', एवढंच कारण.
ऑफिसात सांगितलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तब्येत विचारली, डोकं दुखतंय म्हणाले. दिवसभर याद्या. एका गावाचं नाव दोनदा टाईप झालं, त्यांना दोन टँकर गेले तर बरंच.

६ मे, नांदेड
निकाल लागल्यावर नक्कल मागता येते म्हणून गेले. तोच कारकून. वर लिहायला सांगितलं, 'तिऱ्हाईताचा अर्ज'.
"मी बहीण आहे."
"खटल्यात सरकार आन् आरोपी. बाकी सगळे तिऱ्हाईत. माझ्या हातात न्हाई, बाई. खाली कारण लिहा."
'वाचण्यासाठी' लिहिलं. त्यानं वाचलं, माझ्याकडं बघितलं, शिक्का मारला.

३ जून
नक्कल मिळाली. एकच पान. अंगठा पायाचा आहे, हात भाजलेले होते.
'मी स्वयंपाक करीत असताना स्टोव्हचा भडका उडून भाजले. त्यावेळी घरात इतर कोणीही हजर नव्हते. सदर घटनेबाबत माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही.'
चार वेळा वाचलं. असली वाक्यं मी दिवसाला पन्नास टाईप करते. महानंदाचं यात काही नाही.
आम्ही उदगीरच्या, घरात कानडी. पत्रं ती मराठीत लिहायची, पण दुखलंखुपलं की कानडीच. लहानपणी ताप चढला की मराठी पार विसरायची. कोर्टात हे सांगणारी मी एकटीच होते, आणि मला बाहेर बसवलं.
किंवा असंही असेल. तहसीलदार साहेबांनी विचारलं, तिनं मान हलवली, त्यांनी त्यांच्या भाषेत लिहिलं. किंवा खरंच स्टोव्ह...

१० जून, नांदेड
वॉर्डातली आया सापडली. लक्ष्मीबाई, मूळ देगलूरकडची, तेलुगू. तिला महानंदा आठवते.
"कानडी बोलून राहिली होती. मला कळत न्हाई. नीर, नीर म्हणाली तेवढं कळलं, आमच्यात बी पाण्याला तसंच म्हणतात."
"साहेबांना कळत होतं?"
"ते मराठीतच विचारत होते. लई घाईत होते."
ती बोलली तसंच लिहून घेतलं, एक शब्द बदलला नाही. वाचून दाखवलं, तिनं अंगठा दिला. तो कागद तसाच सरकारी वकिलांकडं नेला.
"हे आधी सांगायचं होतं, बाई."
"आधी दाखवायचं होतं," मी म्हणाले.
अपील सरकारच करू शकतं, मी नाही. मुदत थोडी राहिलीय. त्यांनी कागद ठेवून घेतला. "मुंबईला पाठवतो. बघू."

१४ जून, लातूर
वकिलांचं काही पत्र नाही. इतक्यात येणारही नाही.
त्या दिवशीचं एक लिहायचं राहिलं. मी निघाले तर लक्ष्मीबाई जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "अक्का, अक्का म्हणत होती ती. आमच्यात बी मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात. मला वाटलं, मलाच हाक मारून राहिली. मी आपली हाव, हाव म्हणत उशाशी बसून राहिले. गैर झालं का, बाई?"
नाही म्हणाले.
हे त्या कागदात घातलं नाही. सोमवारी वकिलांना ट्रंककॉल लावून बघते.