माझ्या नावाचा कारखाना

९ नोव्हेंबर १९९४

नात झाली! नाक माझ्या आईसारखं, चपटं. बकुळाला माहेरी आई नाही म्हणून सुनेचं बाळंतपण इथंच केलं. मेथीचे लाडू वळताना मी पण दोन खाल्ले. सासूला बंदी नाही ना!

१३ नोव्हेंबर

इन्कमटॅक्सची नोटीस आली — माझ्या नावावर. खालच्या मजल्यावरचा पँट शिवायचा कारखाना महिपतीनं माझ्या नावावर काढलाय. आमच्या गल्लीत बरेच जण तसंच करतात. मला वाटलेलं, लेकाची माया! त्यानं रिटर्न कधी भरलंच नाही, टॅक्सही नाही. आता दंड, वर महिन्याला व्याज. वकील म्हणाले, खटला झाला तर जेलसुद्धा.

महिपती म्हणाला, "आई, तू बहिरी हो. बहिऱ्याला कोण काय विचारणार?"

१६ नोव्हेंबर

झाले बहिरी. शेजारच्या कमळाबाईसमोर पण, तिच्या तोंडाला झाकण नाही. आज माझ्या पुढ्यात बसून बकुळाला म्हणाली, म्हातारीचे लाडू म्हणजे दगड. आणि मी गप्प! नात रडली तरी उठता येईना. बकुळा ओल्या हातांनी धावत आली.

२० नोव्हेंबर

बारसं. नाव सरस्वती. बायांनी पाळणा म्हटला, चाल चुकवली. माझ्या नातीचा पाळणा, आणि मी ओठ मिटून बसलेली. घरातच कोंडल्यासारखं झालंय.

१ डिसेंबर

आजारी आहे, बहिरी आहे असं वकिलांनी लिहून दिलंय. म्हणून इन्कमटॅक्सचे साहेबच चौकशीला घरी येणार.

आज वकील आणि महिपती माझ्यासमोरच बोलत होते. मला ऐकू येतं हे आता महिपतीच विसरलाय. म्हणाला, दंड आईच्या नावावर राहू दे, म्हातारीला कोण आत टाकतंय. नवा कारखाना बकुळाच्या नावावर काढू.

वकिलांनी विचारलं, "सूनबाईंना विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? आईला तरी कुठं विचारलं होतं."

२ डिसेंबर

बकुळा नातीला पाजत बसलेली. माझ्याकडे बघून हसली. सांगावंसं वाटलं — पण दारात कमळाबाई.

५ डिसेंबर

साहेब आले. महिपती म्हणाला, जोरात विचारा. साहेब माझ्या कानाशी वाकून ओरडले, कारखाना कोण चालवतं?

मी म्हटलं, "हळू बोला साहेब, बाळ झोपलंय. बसा. सगळं सांगते."