टॉसच्या वेळी पाण्यात

८ एप्रिल
संध्या. सात-दहाला रुचीचा पुण्याहून फोन. आयपीएलच्या मॅचचा टॉस नुकताच झालेला, मोबाईलच्या ॲपवर मी खऱ्या खेळाडूंमधून लावलेल्या टीमचा कॅप्टन बदलायचा होता. लेकीला हो हो म्हणत बदलला. मग ती म्हणाली, "आई, मी आता काय सांगितलं, सांग बरं." सांगता आलं नाही. पोरीला पहिली नोकरी लागली होती.
कॅप्टन शून्यावर गेला. बरं झालं.

९ एप्रिल
ऑफिसच्या ग्रुपात बारा पुरुष आणि मी, दोन वर्षं पहिला नंबर माझा. माज होता, नाकारत नाही. घरी भाजी कशी झाली हेसुद्धा कोणी सांगत नाही, तिथं ग्रुप चालवणारे गजूभाऊ सगळ्यांना माझी टीम दाखवायचे. आज ॲप काढलं. जेवून परत घातलं. परत काढलं.

१५ एप्रिल
बायकांची पोहण्याची बॅच, साडेसहा ते साडेसात. टॉस सातला, म्हणून मुद्दाम हीच वेळ. लहानपणी माहेरी, कुहीला, भाऊ तलावात उड्या मारायचे, मी काठावर त्यांचे कपडे सांभाळायची. चव्वेचाळीस वर्षांत पाणी गुडघ्याच्या वर गेलं नाही. पोहण्याचा ड्रेस घालून आरशात पाहिलं. असो.

२२ एप्रिल
सातला पाण्यातून पळाले. लॉकर, मोबाईल, ॲप पुन्हा. बोटं ओली, स्क्रीन ऐकेना. शिकवणाऱ्या ललिता मॅडम मागे उभ्या. वयाने माझ्या निम्म्या. म्हणाल्या, "ताई, मोबाईल कुठं पळून नाही चालला. तुमचं तरंगणं मात्र राहून राहिलं."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. टीम लागलीच नाही.

२३ एप्रिल
मोबाईल घरी. पाठीवर तरंगले, वीस अंक मोजेपर्यंत!

६ मे
गजूभाऊ टेबलाशी आले. "मॅडम, काहून टीम नाही लावून राहिल्या? सातव्या नंबरवर गेल्या न." पोहायला जाते म्हटलं तर त्यांना मस्करी वाटली. दिवसभर तो सातवा नंबर डोक्यात. संध्याकाळी नाकातोंडात पाणी.

१९ मे
खोल बाजू. काठ सोडवला नाही. ललिता मॅडम पुढच्या बाईकडे वळल्या, ते जास्त लागलं. उद्या परत.

फायनलचा दिवस
गजूभाऊ सकाळीच म्हणाले, आज एक टीम लावाच, तुमच्याशिवाय मजा नाही. अकरा नावं मनात आपोआप तयार झाली. कॅप्टनसकट. सातला खोल बाजूच्या काठावर उभी. मॅडम म्हणाल्या, "जा ताई, मी आहे ना." गेले. मध्यावर वाटलं, संपलं. मग पलीकडची फरशी हाताला लागली. खोकत होते, पण माझ्याच हातापायांनी पोचले होते. मला माझा अभिमान वाटला. लिहायला कसली लाज?
घरी येऊन रुचीला फोन. तिने सगळं ऐकलं. मग मी तिचं ऐकलं, अर्धा तास. टॉस कोणी जिंकला, विचारायचं सुचलंच नाही.

३ जून
पुढच्या महिन्यात क्रिकेटची नवी मालिका. गजूभाऊंनी ग्रुपात माझं नाव ठेवलंय. काढा म्हणवलं नाही. पोहण्याचा जूनचा फॉर्म मात्र भरला. वेळ तीच.
कुहीला थोरल्या भावाला फोन केला. म्हटलं, दिवाळीला येते, तलावावर जाऊ, या वेळी कपडे तू सांभाळ. खूप हसला. मग म्हणाला, "खरंच पोहता येते का वं तुले?"