घाट ओलांडणारी नर्सबाई

आई, तू गेल्यानंतर मी पुढे काय केलं, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. मी सुपरहिरोची कॉमिक्स काढते. माझी नायिका सरकारी दवाखान्यातली नर्स आहे. पांढरी साडी, पायात साध्या चपला, खांद्याला लशींचा डबा. एका उडीत ती अख्खा घाट ओलांडते. जमिनीवर चालते तेव्हा मात्र जरा डावीकडे झुकते, कारण तू डबा कायम उजव्या खांद्याला लावायचीस.

राजूरच्या दवाखान्यात तू नर्स होतीस, तेव्हाचं क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. स्टोव्हवर सिरिंज उकळतायत आणि मी तुझ्या रजिस्टरच्या कोऱ्या पानावर उडणारा माणूस काढतेय. तू रजिस्टर ओढून घेतलंस. "ह्या पानावर लेकरांची नावं यायची हायेत. चित्रं काढायची जागा न्हाई ही." मी रुसून दोन दिवस पेन्सिलीला हात लावला नाही. मग रविवारी चर्चमधून आल्यावर तू पिशवीतून चित्रकलेची वही आणि रंगपेटी काढलीस. ती देताना विचारलंस, "तुजा त्यो बाप्या उडून जातो कुटं?" मी आभाळाकडे बोट दाखवलं. तू म्हणालीस, "कामाला जात आसंल तर काड. नुसतं उडून काय करायचं?"

मी तेच केलं. पाच अंक निघाले, पण खप बेताचाच. दुकानांतून गठ्ठे परत यायला लागले. गेल्या महिन्यात पुण्याहून संपादकांचा फोन आला. गृहस्थ भले आहेत, आडपडदा न ठेवता बोलले. "सहावा अंक बहुतेक शेवटचा. एक उपाय आहे. तिला मुंबईला आणा, साडीऐवजी झगझगीत पोशाख द्या, समोर एखादा खलनायक उभा करा. लस टोचण्यात थरार नसतो हो, मॅडम." मी एक दिवस मागून घेतला आणि दिवसभर तसं काढून पाहिलं. चित्र देखणं झालं, पण त्यातली बाई मला अनोळखी वाटत होती. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "शेवटचा तर शेवटचा. ती डोंगरातच राहील." फोन ठेवला आणि कोरा कागद पुढे ओढला.

सहाव्या अंकासाठी डोंगर पुन्हा बघून घ्यावेत म्हणून राजूरला गेले. बाजारात हिरडा विकायला बसलेल्या एका आजींशेजारी टेकले होते. त्यांनी माझ्या मांडीवरचा अंक उचलला. वाचता येत नव्हतं, पण चित्रं निरखून पाहत होत्या.

"ह्या तर आमच्या नर्सबाई," त्या म्हणाल्या.

"कशावरून, आजी?"

"चालन्यावरून. वढा भरला हुता, तरी त्यातनं आल्या. माजी लेक वाचली ती त्यांच्यापायी."

मी नर्सबाईंची मुलगी, असं सांगितलं. आजींनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाल्या, "त्यास्नी म्हातारं नगं काडू."

नाही काढलं. सहावा अंक मागच्या आठवड्यात छापायला गेला. भरलेला ओढा, पलीकडे कंदील घेऊन उभी असलेली माणसं, आणि तू मधोमध पाण्यात. त्या अंकात तू उडत नाहीस, चालतच जातेस. संपादक म्हणाले, हा सगळ्यांत चांगला झालाय. मालिका बंद होणार की चालणार, ते अजून ठरायचंय. काहीही ठरो, सहा अंकांत तू कुणालाही ठोसा मारला नाहीस, लस टोचायची एकही फेरी चुकवली नाहीस, आणि कव्हरवर तुझ्या चित्राखाली माझं नाव आहे.

पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा हे खणातच राहील. एक मात्र सांगून टाकते. संगमनेरला तिसरा अंक हातोहात खपला, असं संपादक अजून कौतुकानं सांगतात. तिथल्या दुकानातल्या सगळ्या प्रती मीच घेतल्या होत्या.