दार उघडून बघायची खोड

प्रिय डोकावशेठ,

हे नाव बघून नाक मुरडलंस ना? मुरड खुशाल. फोन उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, मग आईने कागदावर अशीच हाक मारायची. तुझे बाबा म्हणत होते, पोराला जरा वेळ दे. दिला. आता पुरे झाला.

आधी गुडघ्याचं सांगते. होता तसाच आहे. दुकानाच्या पायरीवरून केकच्या ट्रेसकट घसरले तेव्हा आतली कूर्चा, हाडावरची ती मऊ गादी, जिथे उखडली, तिथे अजून पाऊल टेकताच कळ येते. उभं राहून क्रीम लावणं होत नाही, म्हणून बाबांना हाताशी घेतलंय. परवा त्यांनी एका लग्नाच्या केकवर गुलाब काढले. गिऱ्हाईक म्हणालं, कोबी फार छान आलाय हो! हसता हसता मी खाली बसले आणि मग काही केल्या उठता येईना. बाबांनी दोन्ही हात धरून उठवलं. तेव्हा मात्र रडू आलं, खोटं कशाला बोलू? मला माझ्या टेबलापाशी उभं राहायचंय रे. खुर्चीवर बसून हुकूम सोडायचा मला कंटाळा आलाय.

तुझ्या कामाचं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते. गुडघ्याच्या धड भागातून कूर्चेचा एवढासा तुकडा काढतात, त्यातल्या पेशी वाढवतात, मग तुझं यंत्र त्या पेशी मिसळलेल्या जेलची जाळी थरावर थर घालून छापतं, अगदी माझ्या गुडघ्यातल्या भोकाच्या मापाची. ती आत बसवली की पेशी तिथे मुक्काम ठोकतात, जाळी हळूहळू विरघळते आणि मागे उरते ती आपली स्वतःची कूर्चा. शेजारच्या शिंप्याला चटकन कळलं. म्हणाला, म्हणजे आमचा कच्चा टाका, पक्की शिवण झाली की काढून टाकायचा. मला ते फार आवडलं, आता मी तसंच सांगते.

माझी जाळी सुरेख छापली गेली होती, हे तुझ्या प्रयोगशाळेच्या मॅडमनीच मला सांगितलं. छापून झाली की ती उबेच्या कपाटात ठेवायची आणि ठरल्या वेळेशिवाय दार उघडायचं नाही, एवढा साधा तुमचा नियम. दुसऱ्या कुणाची असती तर तू ढुंकून पाहिलं नसतंस. आईची म्हणून सारखा दार उघडून बघत राहिलास, नीट आहे ना, नीट आहे ना. शेवटी आत जंतू शिरले आणि जाळी टाकून द्यावी लागली. ऑपरेशन रद्द. तू सगळं आपणहून कबूल केलंस म्हणे, आणि तेव्हापासून घरी तोंड दाखवलं नाहीस.

राग आला मला. चांगला दुपारभर होता. मग भट्टीसमोर खुर्ची ओढून बसले आणि एकदम हसूच फुटलं. तू शाळेतही जात नव्हतास तेव्हाची गोष्ट. तुझ्याच वाढदिवसाचा केक, आणि तो फुगला का ते बघायला तू स्टुलावर चढून इतक्यांदा भट्टीचं दार उघडलंस की केक मधोमध खचला. तेव्हापासून तू डोकावशेठ. तू भोकाड पसरलंस, मी खड्ड्यात क्रीम भरलं, आणि सगळ्यांनी तो बोटं चाटत खाल्ला. विसरलास?

काल मॅडमचा फोन आला होता. पुन्हा तुकडा काढू द्याल का, असं विचारत होत्या. मी लगेच हो म्हटलं. मग जरा चाचरत म्हणाल्या, की या खेपेला माझं काम दुसऱ्या कुणाकडे द्या असं तू सांगितलंयस, तुझा तुझ्यावर भरवसा उरला नाही. म्हणून हे पत्र, बाळा. नीट ऐक. तू तान्हा होतास तेव्हा जरा शांत झोपलास की मला राहवायचं नाही. मी तुझ्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायचे, तू दचकून उठायचास आणि घर डोक्यावर घ्यायचास. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. बाबा कपाळावर हात मारायचे, पण म्हणून त्यांनी तुला माझ्याकडून काढून शेजारणीच्या हवाली नाही केलं. माझी जाळी तूच करायचीस. दुसऱ्या कुणाची मी गुडघ्यात घालून घेणार नाही, हे मॅडमना सांगून टाकलंय. आणि कपाटाचं दार उघडावंसं वाटलं ना, की मला फोन कर. मी उचलते.

ही खोड जिच्याकडून घेतलीस ती,
तुझीच आई