पुसून घेतलेली प्लेट

शुक्रवार, लीड्स

वॉर्डवरून आले तेव्हा स्वयंपाक करायचं त्राण नव्हतं, म्हणून बाबांना कोपऱ्यावरच्या पबमध्ये नेलं. सॉसेज, बटाट्याचं मॅश, वर ग्रेव्ही. बाबांनी शेवटी पावाने प्लेट पुसून घेतली. आई गेल्यावर त्यांना इथे आणलं, तेव्हापासून रोज दमूनभागून आईच्या पद्धतीची आमटी करते. ती अर्धी टाकतात, आणि हे सपक मॅश संपवलं? प्लेट अगदी लख्ख. रागच आला. परत येताना विचारलंच, "बाबा, माझ्या आमटीत काय कमी असतं?"

"काहीच नाही गं. अगदी तिच्यासारखी होते," म्हणाले. "म्हणून तर घशाखाली उतरत नाही."

आमटीसाठी सकाळी भिजवलेली चिंच अजून ओट्यावरच आहे. माझ्याने फेकवत नाही.